तरीही पुढे जा

उरणच्या बाहेर, बंदराकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून एक खासगी कंटेनर यार्ड आहे. तिथे मी बारा वर्षं सर्व्हेअर होतो. रिकाम्या कंटेनरला कुठे पोचा पडलाय, तळाची फळी कुठे कुजलीय, हे बघून फॉर्मवर खुणा करायच्या, एवढंच माझं काम. ऊन चढलं की मी गेटशेजारच्या केबिनमध्ये येऊन बसायचो. त्याच केबिनच्या खिडकीवर जागृती घरत ड्रायव्हरांना गेटपास द्यायची. तिची माझी ओळख अशी, एका पंख्याखाली बसून झालेली.

दमल्याचं ती कधी बोलायची नाही. एक ड्रायव्हर खिडकीवरून हलला आणि दुसरा यायचा असला की मधल्या अर्ध्या मिनिटात कपाळ तळहातावर टेकवून बसायची. पुढचा आला की मान वर. दिवसातून अडीचशे-तीनशे वेळा.

तिची सासू ठमाबाई जन्मभर मिठागरात मीठ ओढत आली होती. मिठागर गेलं, त्यावर भराव पडला, भरावावर यार्डं उभी राहिली. त्यातल्या एका यार्डात घरातल्या एकाला काम मिळालं, ते जागृतीला. नवरा निकेश ट्रेलरवर, महिन्यातले वीस दिवस गुजरातच्या रस्त्याला. म्हणजे सकाळी सासूचं बघायचं, आठला खिडकी उघडायची, संध्याकाळी पुन्हा घर. बारावी झालेली, टायपिंग येणारी सून. बाकी कॉम्प्युटर ती त्या खिडकीवरच शिकली.

काय शिकली ते एका गोष्टीवरून सांगतो. एका दिवाळीच्या सुट्टीनंतर तिच्या मशीनवर एकही साइट उघडेना. प्रत्येक पानावर लाल त्रिकोण, कनेक्शन सुरक्षित नाही. दुरुस्तीवाला दोन दिवस येतो येतो म्हणत होता. दुसऱ्या दिवशी जागृतीचं लक्ष पडद्याच्या कोपऱ्यात गेलं. तिथे तारीख होती एक जानेवारी दोन हजार नऊ. तिने हाताने तारीख बदलली, सगळं उघडलं. मशीन बंद करून चालू केलं, पुन्हा दोन हजार नऊ. मग जेवणाच्या सुट्टीत तिने मशीनचा डबा खोलून आतली बटणासारखी बॅटरी काढली आणि बाजारातल्या घड्याळवाल्याकडून तशीच नवी आणून बसवली. मला म्हणाली, त्या बिचाऱ्याला वाटत होतं अजून नऊ सालच चाललंय, मग आजची प्रमाणपत्रं त्याला खरी कशी वाटणार, ती त्याच्या लेखी अजून निघालीच नव्हती. प्रमाणपत्र हा शब्द मी तिच्या तोंडून तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

पुढे यार्डाने गेट बुकिंग ऑनलाइन केलं. ड्रायव्हरने मोबाइलवर साइट उघडायची, नाव-पासवर्ड टाकायचा, कंटेनरचा नंबर भरायचा, आणि मिळालेला नंबर खिडकीवर दाखवायचा. साइट पुण्याच्या एका छोट्या कंपनीने बनवलेली. पहिल्या महिन्यात सगळे जुन्या पद्धतीचा पत्ता टाकायचे, ज्याच्या शेजारी सुरक्षिततेचं कुलपाचं चिन्ह नव्हतं, आणि साइट त्यांना आपोआप कुलूपवाल्या पत्त्यावर ढकलायची. ते ठीक होतं. मग पुण्याच्या लोकांनी काहीतरी बदल केला आणि कुलूपवालं पान परत जुन्या पानावर पाठवायला लागलं. जुनं नव्याकडे, नवं जुन्याकडे. शेवटी मोबाइलच कंटाळून सांगायचा की हे पान फारच फिरवतंय. ड्रायव्हरांना ते समजायला वेळ लागला नाही. एक नंबर गेटवाल्याने दोनला पाठवायचं आणि दोनवाल्याने परत एकला, हे त्यांनी बंदरात पुष्कळ भोगलं होतं. अर्ध्या दिवसात ते सुटलं.

खरा त्रास त्याच्या पुढच्या वर्षी. एका सोमवारी सकाळी सगळ्यांच्या मोबाइलवर तोच लाल त्रिकोण. साइटच्या प्रमाणपत्राची मुदत संपली होती आणि नवं घ्यायला कोणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं. बाहेर ट्रेलरची रांग. मॅनेजर हरेश्वर साहेब केबिनमध्ये आले. ते श्रीवर्धनकडचे, माणूस वाईट नव्हता, पण रांग हमरस्त्यावर गेली की त्यांना वरून फोन यायचे. त्यांनी जागृतीच्या मोबाइलवर कुठे दाबायचं ते दाखवलं. आधी ‘प्रगत’, मग खाली बारीक अक्षरात ‘तरीही पुढे जा’. साइट आपलीच आहे, सगळ्यांना असंच करायला सांग, म्हणाले.

तिने सांगितलं. पन्नास जणांना सांगून घसा बसला, तेव्हा तिने त्या पानाचा फोटो छापला, त्यावर लाल पेनाने दोन बाण काढले, खाली मराठीत आणि हिंदीत लिहिलं, आणि तो कागद प्लॅस्टिकमध्ये घालून खिडकीला बाहेरून चिकटवला. तीन दिवसांनी पुण्याहून नवं प्रमाणपत्र आलं. कागद तसाच राहिला, कारण पुढच्या वर्षी पुन्हा तेच झालं, आणि त्याच्या पुढच्याही. नवे ड्रायव्हर आले की जुने त्यांना कागदाकडे बोट दाखवायचे. लाल आलं की काय करायचं हे सगळ्या रस्त्याला पाठ झालं होतं.

दिपेश हा जागृतीच्या माहेरच्या गावचा. तिशीतला, शांत, गाडीच्या हप्त्यांत न अडकलेला दुर्मीळ ट्रेलरवाला. तिला ताय म्हणायचा. येताना कधी खाडीतल्या चिंबोऱ्या आणून द्यायचा, खिडकीतून पिशवी आत सरकवून निघून जायचा. दोन हजार बावीसच्या मार्च महिन्यात त्याच्या व्हॉट्सॲपवर एक मेसेज आला. यार्डाचं बुकिंग आता या नव्या लिंकवर. त्याने लिंक उघडली. लाल त्रिकोण आला. त्याने प्रगत दाबलं, तरीही पुढे जा दाबलं. समोर यार्डाचंच पान दिसलं, तेच चिन्ह, तेच रंग. त्याने नाव आणि पासवर्ड टाकला. पान अडकलं. नेट गेलं असेल समजून तो झोपला.

चार दिवसांनी त्याच्याच पासवर्डने काढलेल्या, त्याच्या नावाच्या पासवर, त्याच्या ट्रेलरचा नंबर लावलेली दुसरीच गाडी यार्डातून भरलेला कंटेनर घेऊन गेली. कंटेनर पनवेलच्या पुढे रिकामा सापडला. कागदोपत्री तो दिपेशने नेला होता. तीन दिवस पोलीस त्याला सकाळी बोलवून संध्याकाळी सोडत होते. त्या दिवशी तो दुसरीकडेच होता हे टोलच्या पावत्यांवरून पुढे सिद्ध झालं, पण त्याला आठ महिने गेले. तोवर यार्डाने त्याचं नाव काळ्या यादीत टाकलं, आणि एका यार्डाने टाकलं की बाकीचेही काम देत नाहीत.

जागृतीला हे कळलं त्या संध्याकाळी ती घरी न जाता माहेरच्या गावाला गेली. काय झालं ते तिने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, कपाळ हातावर टेकवून, माझ्याकडे न बघता. दिपेश पडवीत बसला होता. त्याची बायको अमिषा आत गेली ती बाहेर आलीच नाही. जागृतीने विचारलं, लाल आलं होतं तर थांबला का नाहीस.

तो म्हणाला, “ताय, लाल आला का पुढं दाबायचा, तूच सांगितलं व्हतंस ना. कागद लावला व्हतास.”

रागाने म्हणाला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. तो साधं सांगत होता, एखाद्याने वाट सांगावी तसं.

त्या सकाळी यार्डात आल्यावर तिने सगळ्यात आधी तो कागद काढला. चिकटपट्टी चार वर्षं उन्हात भाजून काचेला बसली होती. ब्लेडने खरवडून काढायला तिला दहा मिनिटं लागली आणि बाहेर ड्रायव्हर उभे होते.

मग तिने पुण्याला फोन लावला. तिकडे स्वराज नावाचा मुलगा होता, सपोर्टला. तो वर्षानुवर्षं तिच्याशी साइट चालू आहे का बंद एवढंच बोलला होता. जागृतीने त्याला विचारलं की हे लाल येतं ते नेमकं कशाने येतं. तो आधी गोंधळला, मॅडम तुम्हाला कशाला ते, म्हणाला. ती म्हणाली, मला सांग. त्याने तासभर सांगितलं असेल. मी समोर बसून तिच्या वहीत उतरलेलं बघत होतो.

स्वराजच्या म्हणण्याचा अर्थ तिने तिच्या भाषेत लावला तो असा. साइटचं प्रमाणपत्र म्हणजे गाडीच्या फिटनेसचा आणि नंबराचा एकत्र कागद. जगात थोडीच माणसं तो कागद द्यायला नेमलेली आहेत, आणि त्यांची यादी प्रत्येक मोबाइलच्या पोटात आहे. साइट उघडली की मोबाइल कागद मागतो. तीन गोष्टी बघतो. मुदत आहे का, नाव या साइटचंच आहे का, आणि सही यादीतल्या माणसाची आहे का. एक जरी चुकलं तरी लाल. मुदत संपलेली असली तर बहुतेक वेळा नुसता विसरभोळेपणा, गाडी तीच असते. नाव दुसऱ्याचं असलं, किंवा सही कोणा अनोळख्याची असली, तर गाडी कोणाची हे सांगता येत नाही. दिपेशच्या त्या पानाचं प्रमाणपत्र चोराने स्वतःच स्वतःला लिहून दिलेलं होतं. मोबाइलने ते सांगितलं होतं, बारीक अक्षरात, एका इंग्रजी ओळीत. आणि दिसायला ते पान आपल्या मुदत संपलेल्या पानासारखंच लाल होतं.

त्या दिवसापासून तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रमाणपत्राची तारीख लिहायला सुरुवात केली. मुदतीच्या महिनाभर आधी पुण्याला पहिला फोन. मग आठवड्याला एक. तिकडून आज करतो, उद्या करतो. तिचं ते काम नव्हतं. पुण्याच्या लोकांना ती कटकट वाटायची, हरेश्वर साहेबांना हसू यायचं. पण दोन वर्षं साइट एकदाही लाल झाली नाही. ज्या दिवशी काही होत नाही त्या दिवसाची दखल कोण घेणार. ती फोन ठेवायची आणि पुढच्या ड्रायव्हरचा नंबर टाइप करायला लागायची.

मग दोन हजार चोवीसचा ऑक्टोबर. ऊन असं की कंटेनरला हात लावला की चटका बसावा. मंगळवार होता. साडेनऊला मी केबिनमध्ये पाणी प्यायला आलो तर जागृती पडद्याकडे बघत बसली होती. लाल त्रिकोण. बाहेर चार-पाच ड्रायव्हर मोबाइल वर धरून दाखवत होते.

मी म्हटलं, मुदत संपली वाटतं. ती म्हणाली, जानेवारीपर्यंत आहे. तिने त्रिकोणाखालचं बारीक वाचलं, पुन्हा वाचलं, मग प्रमाणपत्र उघडून नाव बघितलं. कुठल्यातरी तिसऱ्याच कंपनीचं नाव होतं. तिने पुण्याला फोन लावला, कोणी उचलला नाही. पुन्हा लावला. मग तिने खिडकीची काच ओढून घेतली आणि कडी लावली.

दहा मिनिटांत हरेश्वर साहेब आले. रांग वळणाच्या पलीकडे गेली होती. दाब ना पुढे, म्हणाले, हे नेहमीचंच आहे.

जागृती उभी राहिली. “साहेब, तारीख संपली असती तर गोष्ट वेगळी. हे नाव दुसऱ्याचं हाय. तुम्ही मना लिहून द्या, पुढं जा म्हणून, खाली सही करा. मी लगेच दाबते.”

टेबलावर पॅड होतं, पेन होतं. साहेबांनी पेन उचललं नाही. काय करायचं ते कर पण रांग हलव, एवढं बोलून ते बाहेर गेले.

ती मला म्हणाली, तुम्ही डाव्या बाजूने जाल का. मग आम्ही दोघं त्या उन्हात रांगेच्या दोन बाजूंनी चालत गेलो. प्रत्येक ट्रेलरच्या केबिनला हात वर करून सांगायचं, आज साइटवर पासवर्ड टाकू नका, कागदाने पास देतोय. साठच्या वर गाड्या होत्या. काहींनी ऐकलं, काहींनी शिव्या दिल्या, हिंदीत, मराठीत. एक म्हातारा ड्रायव्हर म्हणाला की पोरी, इंजिन बंद करू का तेवढं सांग. परत आल्यावर जागृती पाणी प्याली, तिने खिडकी उघडली आणि गेटपासचं जुनं छापील पुस्तक कपाटातून काढलं, जे कोणी सहा-सात वर्षांत उघडलं नव्हतं. प्रत्येक गाडीचं लायसन्स बघायचं, ट्रान्सपोर्टवाल्याच्या ऑफिसला फोन करून कंटेनरचा नंबर विचारायचा, मग हाताने पास लिहायचा, तीन प्रतींत. मी नंबर वाचून दाखवत होतो, ती लिहीत होती. दुपारी दीडपर्यंत तिची बोटं पेनाभोवती आखडून गेली होती. डाव्या हाताने उजव्याचं एकेक बोट सरळ करून ती पुढचा पास लिहायची.

पावणेदोनला स्वराजचा फोन आला. पहाटे त्यांनी साइट नव्या सर्व्हरवर हलवली होती आणि आपलं प्रमाणपत्र तिथे चढवायचं राहिलं होतं. नव्या सर्व्हरवाल्या कंपनीचंच प्रमाणपत्र दिसत होतं. आत्ता केलंय, म्हणाला. काही धोका नव्हता, ताई, उगाच त्रास झाला तुम्हाला.

ती म्हणाली, “बरं.”

फोन ठेवला आणि हातातला अर्धा लिहिलेला पास पूर्ण केला. मलाच वाईट वाटलं. खरं सांगायचं तर मला वाटत होतं की चोर निघायला हवा होता.

चार दिवसांनी तिला मेमो मिळाला. कामात विनाकारण चार तासांचा विलंब, खुलासा करावा. मी म्हटलं, मी लिहून देतो, मला अशा पत्रांची सवय आहे. नको म्हणाली. घरी ठमाबाईंना जेवायला वाढून झाल्यावर तिने तो खुलासा लिहिला आणि सकाळी मला वाचायला दिला. चारच ओळी होत्या. पानावर इशारा आला होता. प्रमाणपत्रावरचं नाव आपल्या साइटचं नव्हतं. ही चूक आहे की चोरी, हे मला खिडकीत बसून कळण्याचा मार्ग नव्हता, कारण दोन्ही सारखंच दिसतं. म्हणून मी कोणाला पुढे पाठवलं नाही. खाली सही, आणि सहीखाली हुद्दा, खिडकी क्रमांक एक.

त्या खुलाशाचं पुढे काही झालं नाही. उत्तर आलं नाही, मेमोही मागे घेतला गेला नाही. तो तिच्या फाइलला तसाच लागलेला आहे. हरेश्वर साहेब वर्षभरात दुसऱ्या यार्डात गेले. जाताना तिला म्हणाले की त्या दिवशी मी सही का केली नाही याचा मी नंतर विचार केला. एवढंच म्हणाले.

गेल्या वर्षी पुण्याच्या कंपनीने प्रमाणपत्र आपोआप बदलण्याची सोय केली. स्वराजनेच फोन करून सांगितलं. यापुढे या प्रमाणपत्रांची मुदत छोटी छोटी होत जाणार आहे, ताई, माणसाने लक्षात ठेवण्यासारखं ते राहणारच नाही, मशीनच करेल. तुम्ही फोन करायची गरज नाही. तिने कॅलेंडरवर लिहिलेली तारीख खोडली. बरं वाटलं का, मी विचारलं. ती म्हणाली की झोप आल्यासारखं वाटतंय.

दिपेश यार्डाकडे परत आला नाही. यादीतून नाव निघालं तरी नाही. तो आता पाण्याचा टँकर चालवतो. जागृतीशी बोलायला लागला, आधी सणाला, मग एरवीही. मोबाइलवर लाल काही दिसलं की तो थांबतो, फोटो काढतो आणि तिला पाठवतो. त्याचं बघून गावातले बाकीचेही पाठवायला लागले. कोणाचा निकाल, कोणाचं विजेचं बिल, कोणाची लग्नाच्या हॉलची साइट. ती प्रत्येकाला उत्तर देते. मुदत संपलीय, उद्या बघा. तुझ्या मोबाइलची तारीख चुकलीय, ती नीट कर. नाव दुसऱ्याचं आहे, बंद कर, लिंक कोणी पाठवली ते मला सांग. हे सगळं स्वयंपाक करता करता, एका हाताने.

मी यार्ड सोडल्यावर तिची माझी गाठ मागच्या महिन्यात पडली, पनवेलला डोळ्यांच्या दवाखान्यात. ठमाबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. मी माझा चष्मा दाखवायला गेलो होतो. बाकावर ती भिंतीला डोकं टेकून बसली होती, डोळे मिटलेले. शेजारी एक बाई मोबाइलवर काहीतरी उघडायला बघत होत्या आणि दर वेळी लाल पान येत होतं. त्यांनी जागृतीलाच विचारलं, हे काय हो. त्यांची आणि जागृतीची काही ओळख नव्हती.

जागृतीने डोळे उघडले, मोबाइल हातात घेतला. बघून म्हणाली, तुम्ही इथल्या वायफायला जोडलंय, पण त्याने अजून तुम्हाला आत घेतलेलं नाही. आधी नाव-नंबर द्या म्हणतोय, म्हणून तुम्ही जे उघडाल त्याच्या जागी तो आपलं पान पुढे करतो, आणि मोबाइल म्हणतो हे ते पान नव्हे. त्या बाईंनी विचारलं, मग पुढे जाऊ का. जागृती म्हणाली, नको, वायफाय बंद करा, तुमचं स्वतःचं नेट वापरा. तिने ते बंद करून दिलं, पान उघडेपर्यंत थांबली, कुलूप आलेलं दाखवलं.

तेवढ्यात ठमाबाईंसोबत कोण आहे, अशी आतून हाक आली. ती उठली. डोळ्यावर पट्टी बांधलेल्या सासूला नर्स हाताला धरून बाहेर आणत होती, आणि जागृती आपली चप्पल शोधत होती.